धूर येतोय का?

पहिल्यांदा विचारलंस ते हेच:
धूर येतोय का?
कशी आहेस नाही, गवत किती कापलं नाही.
सात महिन्यांनी फोन केला मी, तोही
उर्सुस ढिम्म हलेना म्हणून,
तेव्हा तुला तरी दुसरं काय सुचणार, बाझिली.

नाही येत. स्टार्टर फिरतो, घुर्र घुर्र घुर्र,
बॅटरी ठणठणीत,
पण नळकांड्यातून काळा नाही, पांढरा नाही,
काहीच नाही.
"मग डिझेलच पोचत नाही," तू म्हणालास,
आणि तुझ्या मागे, त्या नॉर्वेच्या कारखान्यात,
कुणीतरी फरशीवर बर्फ ओतला.

इथे नारेफच्या काठी परवा कापलेलं गवत
उलटून पालटून आज वाळलंय,
पायाखाली नुसतं कुरकुरतंय.
करकोचे हिंडतायत त्यातून बेडूक टिपत,
मोजणीला आलेल्या सरकारी माणसांसारखे, एकेक पाऊल.
पश्चिमेला ढग आहेत. तू विचारलं नाहीस,
मी सांगितलं नाही.

"तेरा नंबरचा पाना घे."
घेतला.
"फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू. डावीकडचा."
कुणाच्या डावीकडचा?
"बसणाऱ्याच्या! ट्रॅक्टरची डावी-उजवी
बसणाऱ्याचीच असते, एवढं तरी"
आणि थांबलास.
एवढं तरी बाबांकडून शिकायचं होतंस, तेक्ला. असंच ना?
शिकले असते.
मला त्या सीटवर चढू कुणी दिलं होतं?

अंगठ्याएवढा तो पंप, दाबत राहिले.
आधी फेस, धुण्याच्या साबणासारखा,
मग मोठाले बुडबुडे, मग निखळ धार
मनगटावरून कोपरापर्यंत.
"आता आवळ. बेताने, पितळेचा आटा आहे."

चालू झाला!
कोंबड्या उधळल्या, पलीकडच्या येव्दोकियाने
कुंपणाशी येऊन छातीवर क्रूस काढला.
दोन मिनिटं. मग खोकला.
मग बंद.
पुन्हा स्क्रू, पुन्हा फेस, पुन्हा दोनच मिनिटं.
नमनालाच घडाभर डिझेल गेलं, अर्धं माझ्या स्कर्टवर,
आणि मग मी तुला शिव्या घातल्या,
बाबांना घातल्या, वाटणीच्या त्या कागदाला,
त्याच्यावर सही करणाऱ्या तुझ्या हाताला,
उर्सुसला तर आधीच घालून झाल्या होत्या.
तू ऐकून घेतलंस. सगळं.
मग हळूच म्हणालास,
"टाकीचं झाकण उघड. नुसतं उघड.
फोन जवळ धर."

उघडलं.
टाकीने श्वास घेतला.
खरंच, आत ओढून घेतला, लांब,
पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखा.

झाकणाच्या मधोमध काडीएवढं भोक,
आणि त्यात माती. ओली करून आणलेली, थापलेली,
वरून पार गुळगुळीत केलेली:
कुंभारीण माशीचं घर.

"बाबा ते दर ईस्टरला घोड्याच्या केसाने साफ करायचे,"
तू म्हणालास. "कुणाला सांगत नसत."
यंदाच्या ईस्टरला बाबा नव्हते.
तूही नव्हतास.
मी होते, चुलीपाशी, अंडी रंगवत.
टाकीलाही नाक असतं हे मला काय ठाऊक.

केसांतला आकडा काढला, टोकरलं.
चौथ्यांदा तोच स्क्रू.
दोन मिनिटं. तीन. पाच झाली,
दोन्ही सिलिंडर आपापसात भांडत का होईना, पण चालू.
धूर येतोय, ओरडले मी, आधी काळा, आता नाहीच!
ठेवते रे, ढग पार पुलापर्यंत आलेत.

"थांब," म्हणालास. "जरा तसाच धर."

धरला बॉनेटवर.
बॉनेट थरथरत होतं, हातही, फोनही.
तिकडे कुणीतरी तुला हाक मारली परक्या भाषेत,
मग पुन्हा एकदा, जरा चिडून.
तू ओ दिली नाहीस.