दीड इंच

नोंदणीला दोन दिवस राहिलेत
आणि तालमीपुढच्या कट्ट्यावर
कालपासून तीच तीन पोरं
चौदा वेळा घेऊन झालीत,
पंधरा वेळा सोडून.

माझं दुकान कट्ट्याला चिकटून.
मशीन थांबलं की सगळं ऐकू येतं.
चालू असलं तरी येतंच.

विलास सरनोबत म्हणतो, कॉमर्सचा तो बॅक घ्या.
उंची बघा, हेडिंग बघा,
कॉर्नरला उभा राहिला की पाण्याची टाकी.
"टाकीच हाय, हलत न्हाई," दस्तगीर म्हणतो.
त्याला हवाय आयटीआयचा बुटका,
ज्यानं कॉलेजच्या सेमीफायनलला
तिघांना चकवलं
आणि बॉल नेऊन गोलकीपरच्या हातात दिला.
"दिला खरं. पण तिघांना चकवलं का न्हाई?"

मधेच भजी येतात.
भज्यांवर गेला हंगाम निघतो:
बाहेरून पाहुणा आणला, खोली दिली, रोजची अंडी दिली,
पहिल्याच आठवड्यात तांबड्या रश्श्यानं आडवा,
फायनलला चादर गुंडाळून बेंचवर.
"औंदा पेठेचीच पोरं घ्यायची."
"पेठेची पोरं पुण्यात कंपनीत हाईत."
यावर जरा वेळ कुणीच बोलत नाही.
कागदाला तेल सुटत राहतं.

मग गाडी येते निहाल अतिग्रेवर.
सायन्सचा, शेवटचं वर्ष, नंबर नऊ.
पोवारांचा दत्ता उठूनच उभा राहतो.
बायको दवाखान्यात असतानाही
ज्यानं शाहू स्टेडियमची मॅच चुकवली नाही,
तो चप्पल काढून रस्त्यावर दाखवतो
निहालनं बॉल कसा थांबवला, कसा वळला,
आणि डाव्या पायानं कसा—
चप्पल जाते गटारीत.
"तोफ हाय लेको, डावा पाय म्हणजे तोफ!"
विलाससुद्धा मान हलवतो.
दस्तगीर भजी खातो. म्हणजे कबूल.

आठ दिवसांपूर्वी तोच निहाल
मुलाखतीची पँट शिवायला आला होता.
कंबर तीस. उंची चाळीस.
उजवी मांडी वीस.
उभा होता जरा कलून,
म्हणून मी डावीही मोजली.
साडेअठरा.
टेप काढून परत लावली.
साडेअठराच.
तो आरशात बघत होता,
आरशातून माझ्याकडं.
"जानेवारीत गुडघा फिरला, मावशी.
घरात ठाव न्हाई. तालमीत तर..."
"मी नुसती शिवतो रे," म्हणालो.

एकोणीस वर्षं ह्या तालमीचे आकडे मी लावतो.
हंगाम संपला की उसवतो.
बिस्किटाच्या डब्यात आकडे पडून आहेत,
तीन सात, दोन अकरा, एक नऊ ज्याची शेपटी जळलीय.
कुणाचा कुठला, मला विचारा.
कुणी विचारलेलं नाही.

"मावशी, नऊ नंबर कापायला घ्या!"
दत्ता एका पायात चप्पल घालून दारात.
"आणि जरा मोठा कापा,
पार वरच्या गॅलरीतनं दिसला पायजे."

सांगावं का?
जीभ दातांपर्यंत आली.
दत्ताच्या तोंडावर बघितलं,
मिशीला भज्याचा कण, डोळे लहान पोराचे.
आणि ते दुसरं पोरगं, आरशातलं.
मी पांढरं कापड ओढलं, नऊ आखला.
"कापतो," म्हणालो, "पण आज कच्चाच टाकतो.
पक्का टाका त्यानं स्वतः येऊन सही केल्यावर."
"म्हंजे?"
"म्हंजे त्याला आधी विचारा तरी,
खेळायचंय का न्हाई."

कट्टा गप्प.
मग दस्तगीर म्हणतो, "हे बरोबर हाय खरं.
विचारलंच न्हाई की कुणी."

पँट तयार आहे, मागं खुंटीला.
डावीकडं साडेअठराच ठेवलंय,
त्याच्या मापाचं, खोटं काही नाही.
आत मात्र दीड इंच माया सोडलीय.
भरली मांडी तर उसवायला.