रकाना क्रमांक सात

सकाळी नऊला खिडकी उघडते ऐरोलीच्या दवाखान्यात
आणि पहिला प्रश्न मीच विचारते : साबणाने धुतलंत का?
बहुतेकांनी हळद भरलेली असते.
रबाळ्याच्या कारखान्यातल्या एका मुकादमाने तर चुना.
चावा पोटरीला, डोळ्यांत पाणी मात्र चुन्याचं.

मग नळाखाली पाय, पंधरा मिनिटं घड्याळ लावून,
मग रजिस्टर.
नाव, वय, पत्ता, चावा कुठे, किती खोल,
कुत्रा पाळीव की भटका,
आणि सातवा रकाना : जात.

लोक इथे अडखळतात.
“तपकिरी,” म्हणतात. “शेपूट तुटलेला.”
“मच्छीबाजारातला.”
“चांगला होता हो, रोज बिस्कीट खायचा माझ्या हातचं.”
दिवागावची चंद्राबाई मढवी म्हणाली,
“जात मना नाय म्हाईत, दात म्हाईत हान.”
मी लिहिलं : गावठी.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली.
सेक्रेटरी राजोपाध्ये मोबाइल लांब धरून
बंदीची यादी वाचत होते.
ते परिपत्रक कोर्टात अडकलंय, कोणीतरी म्हणालं.
“असू दे. आपण आपला ठराव करू.”
रॉटवायलरचा उच्चार तीन जणांनी तीन प्रकारे केला
आणि सगळ्या माना हेमलता खांडग्यांकडे वळल्या.
त्यांचा बंड्या सहा वर्षांचा,
लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहतो,
शिक्षा केलेल्या पोरासारखा.

एकतीस हात वर झाले.
त्यांतला एक माझा.
हो, माझा. कारण तो गाल मी पाहिलाय,
चार वर्षांची पोर,
आणि ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेलं
तिचं एक कानातलं.
मोठ्या जबड्याची जखम मोठी असते,
हे मी कापसाच्या बोळ्यांनी मोजलंय.

पण रजिस्टरही माझ्याच अक्षरात आहे.
दुसऱ्या दिवशी जानेवारीपासूनची पानं उलटली :
दिवसभर गॅलरीत बांधलेला.
नुकती व्यालेली, जिन्याखाली.
त्याच्या ताटलीत हात घालणारं मूल.
आधी दगड, मग दात.
आणि दोनदा, पेपर टाकणाऱ्या विराजच्या घोट्याला,
राजोपाध्यांचा पॉमेरियन,
जो “फक्त खेळतो.”
त्याच्यापुढे सातव्या रकान्यात
मी दोन्ही वेळा आडवी रेघ मारली होती.

या घराआधी एक घर बघितलं होतं आम्ही,
सेक्टर आठात, खिडकीतून खाडी दिसायची.
मालकाने आडनाव विचारलं,
मग गाव,
मग हसून, “म्हणजे नक्की कोण तुम्ही?”
ह्यांनी सांगितलं.
“कळवतो,” म्हणाला. अजून कळवतोय.
आम्ही कोणाला चावलो नव्हतो.

माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करू नये,
कळतं मला.
शब्द मात्र दोघांना एकच दिलाय आपल्या भाषेने,
मी काय करू.

सोमवारी खिडकीत खांडगेबाई.
उजव्या तळव्यात दोन खोल भोकं.
साबणाने धुऊन आल्या होत्या, एकट्याच.
कर्जतच्या शेतावर ठेवायला टेम्पो बोलावला होता,
दोन अनोळखी माणसं, दोरी,
आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला मुसकं चढवताना.
“लस टोचलेली आहे त्याला,” म्हणाल्या,
“तरी आले, नियम आहे ना.”

सातव्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.
“लिहा की,” त्या म्हणाल्या, “रॉटवायलर. खरंच आहे ते.”
लिहिलं.
टेम्पोला, दोरीला, एकतीस हातांना
रकाना नाही.

दंड पुढे करा, बाई.
शून्य, तीन, सात, अठ्ठावीस.
आजचा दिवस शून्य.
तारखा कार्डावर घातल्यात,
गुरुवार चुकवू नका.