संयुजा

मिडल्सब्रोची शाळा, नववी ब. फळ्यावर कार्बन,
चारी हात पसरून.
केलम विचारतो, मिस, हेलियमला एकही हात नाही,
त्याला एकटं वाटत नसेल?
वर्ग हसतो.
मी म्हणते, त्याचं कवच भरलेलं आहे,
त्याला कुणाची गरज पडत नाही.
हे मी फारच पटकन म्हणते.

मला हा शब्द मराठीत मिळाला होता, गडहिंग्लजला.
धामणकर सरांनी विमल पाटुकलेला उभं केलं: हा ऑक्सिजन.
एक हात मी धरला, दुसरा अनसूयेनं.
घंटा होईपर्यंत आम्ही तिघी पाणी होतो.

क्रियापदांनाही हात असतात, हे फार नंतर कळलं.
निजणं एकट्याचं.
फोडायला दोन लागतात, फोडणारा आणि फुटणारं.
देणं मात्र तिघांवाचून उभं राहत नाही:
कोण, काय, कुणाला.
आठ वर्षं मी दिलं, दिलं म्हणत राहिले
त्या वाक्यात तिसरं कुणी नव्हतंच.

शनिवारी विद्यापीठातली इमोजेन थ्वेट
मला पडद्यापुढे बसवते.
शब्द दिसेल, एक ते नऊ गुण द्या, नकोसा ते हवासा.
यालाही ती व्हॅलन्सच म्हणते.
उंबरा, पाच.
भाकरी, आठ.
पासपोर्ट, सात. नाही, दोन. राहू दे, सात.
मग येतं: करमत नाही.

अर्थ काय, ती विचारते.
मी सांगू बघते.
यात करणारं कुणी नाही. फक्त ज्याला होतं तो, मला.
तुमच्याकडे पाऊस पडायलासुद्धा
एक 'इट' छत्री घेऊन उभा लागतो.
आमच्याकडे नुसतं उजाडतं,
नुसतं गडगडतं,
नुसतं करमत नाही.
बरं, ती म्हणते, पेन्सिल चावत,
म्हणजे ऋण ना?

तो रकाना मी कोरा ठेवला.
दहा पौंडांचं कूपन मिळालं.
टीजवरचा निळा पूल अजून बंदच,
खालचा पाळणा अलीकडेच अडकलेला.
घरी पोचले तोवर सांजावलं होतं,
कुणीही न सांजावता.

नळ सोडला. ग्लास भरला.
उजेडासमोर धरून पाहिला:
मधे विमल, हात पसरून,
आणि दोन्हीकडे आम्ही.