प्लॉट नंबर सात

डोंगर मी पाहिलेला नाही.
तो माझ्याकडे यायचा जुन्या वर्तमानपत्रांत दाबून,
दर डिसेंबरात, एस.टी.तून,
कुमठेकर मॅडमच्या दोन लाकडी फळ्यांमध्ये
पट्ट्यानं करकचून आवळलेला.

माझं काम टाके घालायचं.
पांढरा दोरा, बारीक सुई,
देठाला वेढा, कागदाच्या पाठीवर गाठ.
मागावर तुटलेल्या धाग्याला बाबा मारायचे
तीच गाठ. दुसरी मला येत नव्हती.
साखर पेठेत झाडं मोजकी, गाठी चिक्कार.

प्लॉट नंबर सात, असं चिठ्ठीवर असायचं.
प्लॉट म्हटलं की आमच्याकडे विचारतात,
एन.ए. झालाय का? नळ किती दिवसांआड?
मॅडम म्हणाल्या, अगं, दहा मीटर बाय दहा मीटर,
चार कोपऱ्यांना चार खुंट्या, मध्ये रान.
चार महिने कोसळतं. नंतर कधी पहाटे
ढग नुसता टेकून जातो झाडांना,
तेवढ्यावर खोडांचं शेवाळ तग धरतं,
शेवाळावर आमरी.
याला वनस्पती-समाज म्हणतात.

मी पटकन विचारलं, कुठला समाज?

त्या चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, त्यात अध्यक्ष नसतो.
वर्गणी मात्र असते, सगळे पानं टाकतात खाली.

शिवता शिवता मला शेजार कळला.
अंजनीचं पान जाड, सुई वाकते,
वाळलं की पिवळं पडतं,
डाय हाऊसमधल्या काकांनी लांबून ओळखलं असतं ते पिवळं.
जांभूळ आपलंच, पण तिथं वाऱ्यानं पाठ मोडलेलं, बुटकं.
पिशाच्या पानाची मागची बाजू पांढुरकी.
नाव पिसा, वागणं शहाण्यासारखं,
दोघांच्या मधे अंग चोरून उभा.
गेळ, हिरडा, आणि सगळ्यांच्या पायाशी कारवी.
फुललेली कारवी मी दोनदा शिवली.
मधल्या वर्षांत माझं लग्न झालं
आणि मोडलं.
तिची निळाई दोन्ही वेळा सारखीच उडाली.

चिठ्ठीवर खाली एक ओळ असे: शेरा.
मॅडम तिथं लिहायच्या,
‘उंची १३४० मी. ढग. हात गारठले.’
शेवटचं वाक्य शास्त्रात बसत नाही, असं बाहेरचे परीक्षक म्हणाले होते.
ते तसंच राहिलं.

यंदा खोली कॉम्प्युटरला दिली.
कपाटं सोमवारी हलणार होती.
रविवारी मी किल्ली घेऊन आले,
मे महिना, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
डांबरगोळ्यांचा वास डोळ्यांत.
मॅडमचा नकाशा भिंतीला चिकटवला
आणि फरशीवर मांडत गेले, जिथलं झाड तिथं.
वायव्येला अंजनी, अंजनी, पुन्हा अंजनी,
पिसा तिच्या अंगणात,
हिरडा खुंटीपाशी.
बावीस कागद. पंखा बंद.

अव्वा डबा घेऊन आली.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं तिची,
तेंदूचं पान अंधारातही पारखतात.
चप्पल दाराबाहेर काढून
ती कडेकडेनं चालली,
परक्याच्या अंगणातून जावं तशी.
अंजनीवर बोट ठेवलं.
“ई आकु?” म्हणाली. “याची विडी नाही व्हायची. मोडेल.”
मग कागद उलटा करून
गाठींवरून अंगठा फिरवला.
काही बोलली नाही.

नकाशात तेविसावं एक झाड होतं.
‘ओळख पटली नाही. फांदी हाती लागली नाही.’
त्याची जागा फरशीवर रिकामी,
जांभूळ आणि पिसा यांच्या मधे, सतरंजीएवढी.
गुडघे धरत अव्वा नेमकी तिथं बसली,
पदरानं मान पुसली,
डब्याचं झाकण उघडलं.

पंखा लावू का, मी विचारलं.

नको, म्हणाली. पानं उडतील.