पलीकडची हाक

सुलक्षाने मस्कतहून पैसे भरले
आणि माझ्या गळ्यात बटण आलं.
राखाडी, बोराएवढं, काळ्या दोरीला.
बायकोच्या मंगळसूत्रात मी सोनं कमी घातलं होतं,
ते आत्ता का आठवावं कळत नाही, पण आठवलं.

पेटी टीव्हीशेजारी. तिच्यात एक मुलगी राहते.
बटण दाबलं की म्हणते,
"रोहिदासकाका, बोला, ठीक आहात ना?"
आवाज नाशिककडचा असावा.
चोडण कुठे, तिला ठाऊक नाही.
म्हटलं, नदीत.
ती म्हणाली, नदीकाठी?
नाही गं बाई, नदीत. बेट आहे.

पहिल्या आठवड्यात तीनदा दाबलं गेलं.
एकदा उन्हातली सोलं उचलताना,
एकदा विहिरीच्या कठड्यावर ओणवलो तेव्हा,
एकदा रात्री दोनला, कुशीवर.
तिसऱ्यांदा चूक नव्हती.

मंगळवारी आणि शनिवारी प्रमिला येते साखळीहून.
रक्तदाब बघते, गोळ्यांचे कप्पे भरते,
पायाची नखं कापते, वर बघत नाही.
निघताना न्हाणीतल्या दांडीला लोंबकळून पाहते,
घट्ट आहे का.
मी दोरखंड असाच बघायचो.

एकतीस वर्षं फेरीबोट चालवली.
शेवटची फेरी झाली, इंजीन निवलं,
की रायबंदरच्या धक्क्यावरून हाक यायची:
तांडेल रेऽऽ
कुणाची बायको अडलेली, कुणाला पान लागलेलं,
कुणी नुसताच पिऊन, घरी जायचंय म्हणून रडणारा.
हाकेवरून काही कळत नाही.
आधी जायचं, मग बघायचं.

वंयीपलीकडे पिएदाद असते. ब्याऐंशीची.
पोरं विलायतेत. गळ्यात क्रूस आहे, बटण नाही.
ठरलेलं काही नाही आमचं,
पण इगर्जीत सांजेची घंटा झाली
की ती बालकांवचा दिवा लावते
आणि मी पडवीचा.

गुरुवारी माझा लागला.
तिचा नाही.
पोदेर पोंपों करत दारावरून गेला, तो थांबलाही नाही.
मी वंयीशी जाऊन ओरडलो.
तिचं कुत्रं भुंकलं,
तेही माझ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून.
ह्या गुडघ्यांनी वंय चढवत नाही,
रस्त्याने वळसा म्हणजे मला अर्धा तास.
बटण दाबलं.

पेटीचा आवाज खिडकीतून आला,
म्हणून मीही नदीवर बोलायचो तसाच बोललो.
"काका, पडलात का?"
मी नाही. पलीकडे!
"पलीकडे कोण?"
शेजारीण!
"काका, पण नोंदणी तुमची एकट्याची आहे."
पोरी, रात्रीच्या हाकेला आम्ही कधी तिकीट फाडलं नाही.

ती गप्प झाली.
तिच्या मागे दुसऱ्या मुली ऐकू येत होत्या,
दुसरे काका, दुसऱ्या मावश्या,
ठीक आहात ना, ठीक आहात ना,
केवढी नदी ती, आणि किती काठ.
मग म्हणाली, घराची खूण सांगा.

मयेच्या पुलावरून लांब पडतं.
रुग्णवाहिका फेरीने आली.
धक्क्यावर फळी पडली ते मी वंयीशी उभ्या-उभ्या ओळखलं.
जरा जोरात टाकली. नवा पोरगा दिसतो.

खुबा मोडलाय. बांबोळीला आहे.
रात्रभर न्हाणीत पडून राहिली असती, डॉक्टर म्हणाले.
प्रमिलाने न विचारता वंयीचे चार बांबू काढले,
आता मी सांजेला त्या भोकातून जातो,
तिचा दिवा लावतो, कुत्र्याला पेज घालतो.
कुत्रं अजून मला चोरच समजतं.

रविवारी पेटी आपणहून बोलली.
"काका, त्या आजी कशा आहेत?"
म्हटलं, हे तुझ्या कामात बसतं?
"नाही," ती म्हणाली. थोडं थांबून,
"नदीत म्हणजे नक्की कुठे, काका?"

खुर्ची ओढून घेतली.
बाहेर भरती लागली होती.
म्हटलं, आधी पणजी धर. तिथून पाण्याने उलटी ये.