दोमिंगची पेज

शिरगुप्प्यांनी देवबागातला होमस्टे विकला,
खुर्च्या नेल्या, फ्रिज नेला, दारावरची पाटीसुद्धा.
कुत्रा राहिला.
डॉमिनो त्याचं नाव. वाडीत दोन दिवसांत दोमिंग झालं.
पांढऱ्या अंगावरचे काळे ठिपके बघून पोरं म्हणाली,
ह्याच्यावर कोणीतरी मिरी सांडली.

मी घातलं, जे आमच्या दारात घालतात:
तारल्यांची डोकी, बांगड्याच्या शेपट्या,
कधी टोपाच्या तळाची कालवं, तिखट धुऊन.
इथलं कुठलंही कुत्रं ह्याच्यावर जगतं.
मांजरं तर माजतात.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी
तो माडाच्या मुळाशी पाय वर करून उभा.
उभाच.
दोन थेंब, तेही लालसर.
मग दुसरा माड. मग तिसरा.

कुडाळच्या तेंडोलकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ठिपक्यांच्या ह्या जातीचं असंच असतं.
मासळीतलं जे बाकीची कुत्री मुतून मोकळी होतात
त्याचा ह्यांच्या पोटात खडा बनतो.
कागदावर लिहिलं: तारली नको, बांगडा नको,
पेडवे नकोत, सुंगटं नकोत, कालवं नकोत, काळीज तर नकोच.
अंडं चालेल. पनीर, दुधी, भोपळा, भात.
आणि पाणी. पाण्याखाली दोन रेघा.

मी म्हटलं, बाई, एका अंगाला दर्या,
दुसऱ्या अंगाला खाडी,
मधल्या चिंचोळ्या वाळूत आम्ही.
ह्याने नाक कुठे ठेवायचं?
त्या हसल्या. मी नाही हसले.

घरी कागद वाचत होते, तर ह्यांचा घास थांबला.
"ह्यो माझो कागद तिका खय गावलो?"
तीन वर्षांमागे कणकवलीच्या डॉक्टरने
ह्यांच्या सुजल्या अंगठ्यासाठी हेच लिहिलं होतं,
जवळजवळ ह्याच क्रमाने.
तो कागद जाळ्याच्या सुयांच्या डब्यात आहे,
घडी अजून मोडलेली नाही.

मग उकड्या तांदळाची पेज, अळणी,
पळीतून पाण्यासारखी पडेल इतकी सैल.
त्यात अंडं कुस्करलेलं, दुधी किसलेला.
पहिल्या दिवशी दोमिंगने टोपात बघितलं,
मग माझ्याकडे,
जावयाला पहिल्या पंगतीत वरण वाढल्यासारखं.
दुपारी प्यायला. संध्याकाळी टोप चाटला.
आठव्या दिवशी माडाखाली धार लागली
आणि मी पदराने तोंड पुसत उभी राहिले,
शेजारची लाडूबाय म्हणाली, काय गो, लॉटरी लागली?

रापणीला तारली लागली त्या दिवशी
सगळी पुळण चांदीची झाली.
लोकांनी दोमिंगला ढिगावरून हाकललं, काठीने नव्हे, नावाने:
त्याचं पथ्य वाडीला पाठ होतं.
तो जरा लांब बसला, पुढचे पाय जुळवून.
नाक हलत होतं. जागचा हलला नाही.
हे दोर ओढता ओढता त्याच्याकडे बघत होते.

रात्री तळलेलं ताट पुढे ठेवलं तर म्हणाले,
"तेका एकट्याक कित्याक? माकाव पेज वाढ."
चाळीस वर्षांत मासळीशिवाय ह्यांचा घास मी
एकादशीलासुद्धा बघितला नव्हता.
एकाच टोपातली पेज, दोन भांड्यांत.
ह्यांच्या भांड्यात मीठ, त्याच्यात नाही.

अंगठ्याची सूज उतरली, वहाण पायात जायला लागली.

परवा मध्यरात्री चुलीकडे उजेड दिसला.
निखाऱ्यावर एक सुका बांगडा, आणि हे उकिडवे.
दोमिंग समोर.
त्याला त्यांनी तुकडा दिला नाही, एवढं खरं.
खाऊन झाल्यावर बोटं मात्र पुढे धरली
आणि त्याने एकेक बोट चाटून घेतलं,
सावकाश, करंगळीसकट.

मी आल्या पावली मागे फिरले.
सकाळच्या पेजेत
दोन तांबे पाणी जास्त ओतलं.