सातवी पायरी

नोव्हेंबरात मोरकॅम्बला समुद्र नसतोच,
असतो मैलभर मागे सरकलेला चिखल
आणि फळ्या ठोकलेल्या आइस्क्रीमच्या टपऱ्या.
म्हणून तर घर स्वस्तात मिळालं
डोरीन हार्गरीव्हजबाईंचं: वर त्यांची खोली नि शेगडी,
खाली हॉल, हॉलमध्ये वायरीचा फोन,
आणि मधला जिना. त्याच्यासाठी अकरा घरं पालथी घातली होती.

सांगलीच्या फिल्म सोसायटीत डास मारत
उस्तादाचे सिनेमे पाहिले, तेव्हापासून
वहीत एक ओळ तीनदा अधोरेखित आहे:
दचकवायला लवंगी फटाकाही पुरतो.
तू प्रेक्षकाला आधी सांगून टाक,
पात्राला सांगू नकोस,
मग घाई करू नकोस.

तेरा पायऱ्या. सातवी दोन्हीकडून सातवीच.
सकाळी मी तिच्यावरची पितळी दांडी काढली,
गालिचा जिभेसारखा सैल सोडला,
दांडी कोटाच्या खिशात जाताना क्लोज-अप घेतला.
मग खुनी चढवला. नायजेल, एरवी बँकेत कॅशियर.
चौदा टेक. नवव्याला शिंकला.
बाकीच्यांत तो गळा दाबायला निघालाय
की थकलेलं भाडं मागायला, कळेना.

चारला वरचं दार उघडलं.
बाई. वय त्र्याऐंशी, खुबा नवा,
हातात ट्रे, पाच कप,
लोकरीची टोपी घातलेली किटली.
ट्रेखालचं त्यांना काही दिसत नव्हतं.

कॅमेरा चालू होता.
मला माहीत होतं, ओवेनला माहीत होतं,
बाईंना नव्हतं.
म्हणजे अगदी वहीतल्यासारखं.
ओरडायला हवं होतं मी.
हललं ते तोंड नव्हे, बोटं,
फोकसच्या कड्यावर.
बारावी.
अकरावी. कप कपाला लागला.
दहावी, नववी,
आठवीवर त्या थांबल्या, आणि निजलेलं मांजर ओलांडावं
तसा पाय थेट सहावीवर.

"चौसष्ट साली माझ्या नवऱ्यानं बसवलीय ती दांडी.
जाताना परत लावा. साखर कुणाला?"

रात्री लँकेस्टरला, ओवेनच्या स्वयंपाकघरात,
तो तुकडा आम्ही सहा वेळा पाहिला.
सिनेमात याहून बरं काही नाही.
फक्त यात खुनी दिसत नाही, ओवेन म्हणाला.
मी काही बोललो नाही.
काडेपेटी शोधायला कोटात हात घातला
तर गार, हातभर, पितळी.

साडेअकरा वाजलेत.
मी घाईघाईनं नंबर फिरवला.
तिकडे घंटी वाजतेय,
खाली, हॉलमध्ये.
बाई वर.
चौथी घंटी. आता ठेवावा, तर
त्या उठल्या असतील,
दिवा न लावता
पाय पुढे टाकला असेल.
पाचवी.